स्टेअरिंगच्या डबीत ब्रेक ऑइल

गाडी सोमवारी सकाळी आली तेव्हा दिसायच्या आधी ऐकू आली. दिग्रस रोडवरून शेडकडे वळताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज, आणि चाकं जितकी जास्त वळतील तितका तो चढत जायचा. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा हातातला पान्हा खाली ठेवत म्हणाला, "पंप गेला." मलाही तेच वाटलं. स्टेअरिंगचा पंप गेला नव्हता. हे कळायला अर्धा तास आणि पाण्याची एक रिकामी बाटली लागली.

माझं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो आणि लग्नाच्या भाड्याच्या जुन्या सात-सीटर गाड्या, हे माझं रोजचं गिऱ्हाईक. ही त्यातलीच एक, 2011 ची, डिझेल. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात गाडीची काही चूक नव्हती. हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या दाबानं वळायला मदत होणाऱ्या स्टेअरिंगची, बॉनेटखालची ऑइलची डबी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, इनोव्हा या सगळ्यांच्या जुन्या गाड्यांत सापडते. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते आणि ऑइलचा थेंबही नसतो. तरी महिन्यातून एखादा वॅगन-आरवाला येऊन "स्टेअरिंगचं ऑइल पाहून द्या" म्हणतोच. त्याला चहा पाजून परत पाठवतो.

गाडीचे मालक शेतकरी. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही म्हणतो. गाडी त्यांचा पुतण्या चालवतो, एकोणीस-वीस वर्षांचा. मे महिना, लग्नसराई ऐन भरात, आणि याच दीड-दोन महिन्यांत गाडी वर्षाची कमाई काढते. त्यामुळे काकाजींचं पहिलं वाक्य हे होतं: "भाऊ, बुधवारी वरात हाय. त्याच्या आत झालं पाह्यजे."

तक्रार आणि अर्धवट खरं

पुतण्यानं सांगितलं ते असं. शनिवारी दुपारी वऱ्हाड घेऊन यवतमाळला निघाला. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. निघण्याआधी बॉनेट उघडलं तर स्टेअरिंगची डबी जवळजवळ रिकामी. "थोडं ऑइल टाकलं." रविवारी परत येताना स्टेअरिंग मधेच जड, मधेच हलकी. आवाज तेव्हापासून.

कोणतं ऑइल टाकलं, असं विचारलं तर म्हणाला, "स्टेअरिंगचंच."

हे उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे. खोटं बोलायचा हेतू नसतो. मालक शेजारी उभा असतो, एवढंच. मी काकाजींना माठातलं पाणी प्यायला पाठवलं आणि डबीचं झाकण उघडलं.

आत लाल रंग असायला हवा होता. या गाडीच्या पुस्तकात स्टेअरिंगसाठी डेक्सरॉन जातीचं एटीएफ सांगितलं आहे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये जातं तेच लाल ऑइल. डबीत जे होतं ते गुलाबी, गढूळ, वर फेस. स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं म्हणा. पाणी गेलं की असं दिसतं, नुसती हवा मिसळली तरी थोडंफार असं दिसतं. म्हणून रंगावरून निकाल देऊ नये. वास घेतला. एटीएफला यंत्रतेलाचा वास असतो. याला मागून एक गोडसर, औषधी वास येत होता आणि तो नाकाला ओळखीचा होता.

बाटलीतला पुरावा

मोठ्या सिरिंजनं डबीतलं शंभरेक मिली खेचलं, पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घातलं आणि बाटली खिडकीत ठेवली. तोवर दुसरी चाचणी केली, तिला एक मिनिटही लागत नाही. स्टीलच्या वाटीत स्वच्छ पाणी घेतलं आणि त्यात त्या गढूळ ऑइलचे चार थेंब सोडले. निव्वळ एटीएफ असतं तर थेंब पाण्यावर लाल डोळ्यांसारखे तरंगत राहिले असते. इथे थोडं तरंगलं, आणि बाकीचं धुरासारखं पाण्यात उतरून विरघळून गेलं.

खनिज तेल पाण्यात विरघळत नाही. ब्रेक ऑइल विरघळतं, कारण ते मुळात तेल नाहीच. डॉट 3 आणि डॉट 4 या त्याच्या नेहमीच्या जाती म्हणजे ग्लायकॉल ईथरच्या कुळातली द्रवं आहेत, हवेतला ओलावाही ओढून घेतात. 'ऑइल' हे आपण गॅरेजवाल्यांनी पाडलेलं नाव. सगळा घोळ त्या नावातूनच सुरू होतो.

अर्ध्या तासानं बाटलीकडे पाहिलं. वरचा थर लालसर. मधे साबणाच्या फेसासारखी पट्टी. आणि तळाशी बोटभर पिवळट, बऱ्यापैकी स्वच्छ द्रव. ब्रेक ऑइल पाण्यापेक्षा थोडं जड असतं आणि एटीएफ पाण्यापेक्षा हलकं. ढवळलं की दोन्ही दुधासारखी मिसळल्यासारखी दिसतात, पण शांत ठेवलं की ज्याची त्याची जागा घेतात.

मी पुतण्याला खिडकीजवळ बोलावलं आणि बाटली हातात दिली. काही बोललो नाही. त्यानं ती उजेडात धरली, तिरपी केली, सरळ केली. मग हळूच म्हणाला, "दोनदा टाकलं भाऊ. एकदा जातानी अन् एकदा येतानी. डिकीत क्लचची अर्धी बाटली होती. मले वाटलं ऑइल म्हणजे ऑइलच."

क्लचची बाटली म्हणजे ब्रेक ऑइलची. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्यात तेच जातं. पंधरा दिवसांपूर्वी क्लचचं काम झालं तेव्हाची उरलेली बाटली, वरचं लेबल घासून गेलेलं. ती मागवली. पाचशे मिलीची होती, त्यात आता जेमतेम शंभर उरलं होतं. क्लचला किती गेलं याचा अंदाज वजा केला तर स्टेअरिंगमध्ये पाव लिटरच्या आसपास गेलं असावं.

यानंतर काकाजींना आत बोलावलं. पुतण्याची चूक मी सांगितली नाही, त्यालाच सांगायला लावली. काकाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, कालच सांगतला असता त काय झालं असतं?" तेवढ्यावरच मिटलं.

दोन प्रश्न, आणि एक तिसरा

चुकीचं ऑइल गेलेली गाडी आली की मी दोन गोष्टी विचारतो: किती गेलं, आणि गेल्यावर इंजिन किती चाललं. या दोनांवर पुढचं सगळं ठरतं. टाकल्याबरोबर लक्षात आलं आणि चावी फिरवलीच नाही, तर डबी उपसून, पुसून, नवीन भरून दहा मिनिटांत काम संपतं. इंजिन एकदा सुरू झालं की पंप ते ऑइल काही सेकंदांत सगळीकडे फिरवतो.

इथे संपूर्ण सिस्टिममध्ये साधारण एक लिटर मावतं. म्हणजे पाव हिस्सा ब्रेक ऑइल, जाऊन-येऊन पंच्याऐंशी किलोमीटर, आणि शनिवार दुपार ते सोमवार सकाळ असा जवळपास चाळीस तासांचा मुक्काम. वाईट, पण आठवडाभर तसंच चालवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मानानं हे बरं.

त्यानं बिघडतं काय? दोन गोष्टी. पहिली वंगणाची. स्टेअरिंगच्या पंपात रोटरवर पातळ पाती असतात आणि ती वेगानं फिरताना बाहेरच्या कड्यावर घासतात. मधे तेलाचा पडदा असतो म्हणून धातू धातूला खात नाही. 100 अंश तापमानाला डेक्सरॉन 3 ची श्यानता, म्हणजे दाटपणा, सुमारे 7 सेंटिस्टोक असते, ब्रेक ऑइलची जेमतेम 2 च्या आसपास. म्हणजे पडदा विरळ. वर फेस झालेला, त्यामुळे पंप तेलाबरोबर हवाही चावतो. ते कण्हणं त्याचं.

दुसरी गोष्ट रबराची, आणि ती जास्त फसवी, कारण ती आवाज करत नाही. स्टेअरिंगची सील आणि ओ-रिंगा, म्हणजे ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, सहसा नायट्राइल रबराच्या असतात. खनिज तेलात हे रबर वर्षानुवर्षं टिकतं, ग्लायकॉलमध्ये फुगून मऊ पडतं. ब्रेकमधलं रबर नेमकं उलट्या स्वभावाचं. ते ईपीडीएम जातीचं असतं, त्याला ब्रेक ऑइल मानवतं आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं. म्हणून मी सगळं बाजूला ठेवून आधी ब्रेकची डबी उघडली. पुतण्यानं एकच नरसाळं दोन्हीकडे वापरलं होतं. नरसाळ्याला लागलेलं चमचाभर एटीएफ ब्रेकमध्ये गेलं असतं, तर स्टेअरिंगचं दुखणं परवडलं असतं. ब्रेकच्या झाकणाखालचा रबरी पडदा बाहेर काढला. चपटा, घट्ट, जागेवर परत नीट बसला. तेल लागलेलं असतं तर तो लांब, लोंबता होतो आणि खाचेत बसायला नकार देतो. ब्रेकचं निभावलं होतं.

तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि मला या प्रकरणात तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: डबी रिकामी का झाली होती? स्टेअरिंगचं ऑइल जळत नाही, खर्च होत नाही. बंद वर्तुळ आहे ते. कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर पडलं.

गाडी वर घेतली आणि पाच मिनिटांत दिसलं. रॅककडून, म्हणजे स्टेअरिंगच्या जोरानं चाकं वळवणाऱ्या दांड्याकडून, डबीकडे परत येणाऱ्या नळीचा वीतभर तुकडा मूळचा नव्हताच. पिवळी, विणीची नळी. कपाशीवर औषध मारायच्या पंपाची. दोन टोकांना क्लिप आवळलेल्या. काकाजी हसले. दोन वर्षांपूर्वी शेतातून येताना पऱ्हाटीचा बुंधा लागून मूळची नळी फाटली होती, तेव्हा कुणीतरी हा जुगाड करून दिला होता आणि तो चालत राहिला होता. परतीच्या नळीत दाब कमी असतो, म्हणून फुटली नाही. पण तेल गरम असतं. त्या उष्णतेनं नळी मऊ पडत गेली, क्लिप तिच्यात रुतत गेली आणि थेंब थेंब पाझर सुरू झाला. खालच्या पत्र्यावर धूळ बसून त्याचं काळं पुट चढलं होतं. धूळ नसती तर डाग केव्हाच दिसला असता.

म्हणजे ब्रेक ऑइल टाकलं ही शनिवारची चूक. तिची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली होती. नुसतं ऑइल धुऊन गाडी दिली असती, तर दोन महिन्यांनी डबी परत रिकामी, आणि परत कुणाच्यातरी हातात चुकीची बाटली.

काय करायचं, यावर वाद

पुस्तकी उत्तर मला माहीत होतं. ब्रेक ऑइल फिरलेल्या स्टेअरिंगमध्ये जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदला: पंपाची सील, रॅकची सील, नळ्या. रॅक रिकंडिशन करायला तो उतरवून नागपूरला पाठवावा लागतो. मजुरी धरून दहा-बारा हजार आणि किमान चार दिवस. बुधवारची वरात त्यात बसत नव्हती.

दुसरा सल्ला शेडमध्येच उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दिला, "डिझल टाकून धुऊन काढ ना, दोन मिन्टाचं काम." हा सल्ला आपल्याकडे सर्रास पाळला जातो म्हणून इथे थांबतो. डिझेलनं मळ निघतो हे खरं. पण पंप फिरत असताना त्याला वंगण लागतं आणि डिझेल त्याला एटीएफसारखं वंगण देत नाही. शिवाय रॅकच्या सिलिंडरमध्ये, नळ्यांच्या वळणांत ते उरतंच. एक चुकीचं द्रव काढायला दुसरं चुकीचं द्रव घालण्यात अर्थ नाही. स्टेअरिंग धुवायचं ते त्याच्याच ऑइलनं. महाग पडतं, पण त्यात काही उरलं तर ते योग्यच उरतं.

मी काकाजींना सरळ सांगितलं. मनापासून धुतो, पाझरणारी नळी बदलतो. चाळीस तासांत सीलांवर किती परिणाम झाला हे मला बाहेरून दिसत नाही. टिकली तर टिकली. सील गळायला लागलं तर तेवढं सील बदलू, रॅक गळाला तर नागपूर. आणि हे बिलावर लिहून देतो. काकाजींनी विचार केला आणि म्हणाले, "लिहून दे बापा, पण आधी कर."

अशा वेळी गिऱ्हाइकाला हमी द्यायचा मोह होतो. मी पूर्वी दिली आहे आणि तोंडावर पडलो आहे.

धुणं

बरेच जण डबी सिरिंजनं उपसतात, नवीन भरतात, गाडी फिरवतात, परत उपसतात. सोपं आहे, घरीही करता येतं. पण हिशेब मांडून पाहा. डबीत 300 मिली, सिस्टिममध्ये 1 लिटर. एका उपशानंतर जुनं 70 टक्के उरतं. दुसऱ्यानंतर 49, तिसऱ्यानंतर 34, चौथ्यानंतर 24. सहा वेळा केलं तरी 12 टक्के जुनं आतच, आणि तोवर दोन लिटरच्या जवळ नवीन ऑइल खपलेलं. तेही सगळं नीट मिसळतंय असं धरून. इथे तर जड द्रव तळाशी बसून राहणार. काळं पडलेलं जुनं ऑइल बदलायला ही पद्धत चालते. ब्रेक ऑइल काढायला नाही.

आम्ही असं केलं. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली घोड्या, म्हणजे लोखंडी आधार, लावल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून स्टेअरिंग फिरवायची नाही, गाडी सरकते. डबी काढली. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं याचा इथे फायदा घेतला: डबी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली, आतली जाळी ब्रशनं साफ केली आणि पत्र्यावर उन्हात ठेवली. मेमधलं आमच्याकडचं दुपारचं ऊन. तासाभरात डबी हातात धरवेना. तरी वरून कापडानं पुसली, कारण पाण्याचा एक थेंबही आत जायला नको होता. डबी काढताना पत्र्यावर थोडं सांडलं, त्यावर लगेच पाणी ओतलं. ब्रेक ऑइल रंग उचलतं, आणि लग्नाच्या गाडीच्या बॉनेटवर डाग पडला तर तो काकाजींना सीलपेक्षा जास्त लागला असता.

डबी परत बसवली. परतीच्या नळीची जागा टोपणानं बंद केली आणि रॅककडून येणाऱ्या टोकाला लांब पारदर्शक नळी जोडून ती खाली कॅनमध्ये सोडली. डबीत नवीन एटीएफ भरलं. इंजिन बंद. पुतण्याला गाडीत बसवलं, चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडवलं आणि सांगितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जात्यावर दळल्यासारखं. रॅकमधला पिस्टन स्वतःच ऑइल ढकलतो. प्रत्येक फेरीला कॅनमध्ये गुलाबी धार पडायची आणि डबीतली पातळी खाली जायची. मी ओतत राहिलो. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते.

पहिला लिटर सगळा गढूळ. दुसऱ्या लिटरच्या मध्यावर नळीतला रंग लालीकडे वळला. पुतण्या घामानं निथळत होता, पण त्यानं एकदाही थांबू का असं विचारलं नाही.

हातानं फिरवून रॅक धुतला जातो, पंप आणि दाबाची नळी नीट धुतली जात नाही. त्यासाठी इंजिन लागतं, आणि इथे सगळ्यांत जास्त सावध राहायला हवं. इंजिन सुरू झालं की पंप डबी काही सेकंदांत रिकामी करतो, आणि कोरडा फिरलेला पंप तिथेच ओरखडे खातो. म्हणून चावीवर माझा पोरगा, डबीवर मी. मी हात वर केला की सुरू, हात खाली आला की बंद. दोन-तीन सेकंदांच्या अशा पाच-सहा खेपा. प्रत्येक खेपेला डबी काठोकाठ भरूनच पुढची. यात एक लिटर गेलं.

मग फवारणीच्या नळीच्या जागी तेलासाठीची योग्य मापाची नळी, नव्या क्लिपा, आणि सगळं बंद. हवा काढायला इंजिन बंद ठेवून वीसेक फेऱ्या, मग इंजिन सुरू करून आणखी दहा. कडेला नेऊन स्टेअरिंग तशीच दाबून धरायची नाही, पाच सेकंदांच्या वर तर नाहीच. टोकाला पंपाचा दाब सर्वांत वर जातो आणि ऑइल झपाट्यानं तापतं. फेस निघाला की इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. घाई केली की फेस अजून वाढतो.

संध्याकाळी आवाज जवळजवळ गेला होता. काकाजी गाडी न्यायला उभे होते. मी दिली नाही.

मंगळवार

रात्रभर उभ्या गाडीत जड द्रव खालच्या वळणांत उतरतं, हे बाटलीनं दाखवलं होतंच. सकाळी इंजिन सुरू न करता परतीची नळी काढून पहिली धार वेगळ्या बाटलीत घेतली. दोन तास ठेवली. तळाशी दोऱ्यासारखी पिवळट रेघ होती, बोटभर नाही, पण होती. म्हणून गाडी वीस मिनिटं तापवून परत दीड लिटर हातानं काढलं. त्यानंतरच्या नमुन्याला रेघ नव्हती आणि वाटीतल्या पाण्यावर थेंब लाल, गोल, तसेच तरंगत राहिले. दुपारी गाडी रस्त्यावर घेतली. वळणावर आवाज नाही, स्टेअरिंग एकसारखी हलकी.

पुतण्याला एक गोष्ट सांगून ठेवली. स्टेअरिंग अचानक जड झाली तर घाबरायचं नाही. हायड्रॉलिक मदत गेली तरी चाकांशी लोखंडी जोड तसाच असतो. गाडी वळते, जोर जास्त लागतो. वेग कमी करून कडेला घ्यायची आणि फोन करायचा.

कॅनमध्ये चारेक लिटर मिश्रण जमलं होतं. शेजारचे एक म्हातारे शेतकरी ते मागायला आले, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसाला लावायला. जळकं इंजिन ऑइल मी त्यांना नेहमी देतो. हे दिलं नाही. ब्रेक ऑइलमधली ग्लायकॉलं विषारी असतात, चवीला गोड लागू शकतात आणि बैल काय चाटेल याचा नेम नाही. त्यांना ते पटलं नाही, थोडे नाराज होऊन गेले. कॅनवर खडूनं फुली मारून ते जुनं ऑइल नेणाऱ्या गाडीसाठी वेगळं ठेवलं.

बिल: साडेचार लिटर एटीएफचे 400 रुपये लिटरप्रमाणे 1800, नळी आणि क्लिपा 350, मजुरी 1500. खाली लिहिलं, 'सीलची हमी नाही. आठ दिवसांनी दाखवणे.' काकाजींनी सही केली.

त्याच दिवशी मी एक खेळ केला. डब्यातून एकाच मापाच्या दोन नव्या नायट्राइल ओ-रिंगा काढल्या. एक बाटलीच्या टोपणात ब्रेक ऑइलमध्ये बुडवली, दुसरी एटीएफमध्ये, आणि दोन्ही फळीवर ठेवून दिल्या.

अकरा दिवसांनी

वरात झाली, आणखी तीन भाडी झाली. आठव्या दिवशी गाडी आली नाही, अकराव्या दिवशी आली. डबीत पातळी सुईभर खाली. नवी नळी कोरडी. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट सैल करून आत बोट फिरवलं, कोरडं. गळती पंपाच्या शाफ्टला निघाली: पुलीच्या मागे लाल ओल आणि तिथून वर्तुळात उडालेले बारीक थेंब. शाफ्टचं सील गेलं होतं.

फळीवरची टोपणं खाली काढली. एटीएफमधली रिंग होती तशी. ब्रेक ऑइलमधली शेजारी ठेवली तर डोळ्यांनी दिसेल इतकी मोठी झाली होती आणि नखानं दाबली की नखाची खूण राहत होती. पुतण्यानं ती उचलली, दुसरीत घालून पाहायचा प्रयत्न केला आणि परत ठेवली.

ती रिंग अकरा दिवस निव्वळ ब्रेक ऑइलमध्ये होती आणि पंपाचं सील चाळीस तास पाव हिश्शात, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. शिवाय सील पंधरा वर्षांचं होतं, त्याची वेळ तशीही आली असेल. पण वर्षानुवर्षं न गळलेलं सील नेमकं याच अकरा दिवसांत गळायला लागलं, तेव्हा माझा संशय कुणावर आहे हे उघड आहे.

पंप उतरवला, उघडला. पाती आणि कड्यावर हलक्या रेघा होत्या, पण नख अडकत नव्हतं. तो ठेवला. सील किट 900, मजुरी 800, आणि भरायला लागलेलं एक लिटर एटीएफ 400. बसवताना पंप उघडाच होता, म्हणून तळाचा नमुना परत बाटलीत घेतला. थर नव्हता.

एकूण खर्च 5750. रॅक रिकंडिशनपेक्षा जवळजवळ निम्म्यानं कमी, पण रॅकचा हिशेब अजून मिटलेला नाही. डबीच्या झाकणावर मी ऑइल पेंटनं लाल ठिपका दिला आहे आणि ब्रेकच्या झाकणावर पिवळा. डिकीतली ती उरलेली बाटली पुतण्यानं स्वतःच आणून दिली. रॅकचे बूट पावसाळा संपल्यावर, सोयाबीन निघालं की परत उघडून पाहायचे ठरले आहेत.